रुसण्याचा मान

संपादकांनी मला लिहायला सांगितले तेव्हा मला वाटले, त्यांना दुसऱ्याच कुणाला विचारायचे असावे. या अंकात आपल्या कामाच्या आठवणी लिहिणारी माणसे मोठी असतात. मागच्या दिवाळीत एका निवृत्त मामलेदारांनी लिहिले होते, त्याआधी एका वयोवृद्ध डॉक्टरांनी. मी अजून कॉलेजच्या बाकावर बसतो. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. वडील श्रीगोंद्यात बैलगाड्यांची चाके आणि नांगर करतात. मुलगा काय शिकतो असे कुणी विचारले तर 'बाहेरगावी असतो' एवढेच सांगतात. माझी नोकरी एकच झाली आणि तीही सव्वा वर्षाची. तेवढ्या काळात मामलेदारसाहेबांचे टेबलसुद्धा नीट लागले नसेल. तेव्हा वाचकांनी हे धाडस पोटात घालावे. एवढेच म्हणतो की माझी ती नोकरी जगात शांतता नांदवण्याची होती, आणि तसली नोकरी केलेला दुसरा माणूस या जिल्ह्यात संपादकांना सापडला नाही. त्या कामाचा जगावर काय परिणाम झाला हे वर्तमानपत्रात रोज छापून येतेच.

काही कारणाने माझे कॉलेजचे एक वर्ष मध्येच सुटले होते. लढाई चालू होती आणि सरकारच्या प्रचार कचेरीला वार्तावाचक हवे होते. वार्तावाचक म्हणजे एक सायकल, एक पत्र्याचा भोंगा, कापडावर चिकटवलेला जगाचा नकाशा, आणि बाजाराच्या गलबल्यात ज्याचा आवाज बुडणार नाही असा एक मनुष्य. माझ्याकडे काष्टीचा आठवडे बाजार आणि घोड नदीच्या दोन्ही काठांची गावे होती. बाजारात शेळ्या बांधतात त्या लिंबाखाली मी नकाशा टांगत असे. पहिले काही आठवडे माझे श्रोते म्हणजे बहुतेक शेळ्याच होत्या.

या धंद्याच्या काही खुब्या असतात. लढाईपासून कधी सुरुवात करायची नाही. रॉकेल कधी मिळणार तिथून सुरू करायचे, म्हणजे लोक थांबतात. परदेशातल्या गावांची नावे कुणाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून ती श्रीगोंद्यापासून किती लांब ते सांगायचे. आणि आपली फौज मागे हटली असे कधीही म्हणायचे नाही. ती अधिक सोयीच्या जागी गेली, असे म्हणायचे. हे मी सहा-सात बाजार म्हटले. मग एक म्हातारा उठून म्हणाला, "मास्तर, सोयीसोयीनं आपली फौज आता दौंडाला आली असंल की!" शेळ्यांसकट सगळे हसले. मीही हसलो, पण कचेरीच्या अहवालात 'श्रोत्यांत उत्साह दिसला' असे लिहिले.

पुढे लढाई संपली. मला वाटले, आपलीही नोकरी संपली. पण कचेरीतून नवा हुकूम आला. जगातल्या देशांनी मिळून एक सभा काढली आहे. इथून पुढे देशादेशांतली भांडणे बोलून मिटवायची. पाच मोठ्या देशांना त्या सभेत कायमची जागा आहे, आणि मोठ्या प्रश्नावर त्यांच्यातल्या एकानेही 'नाही' म्हटले तर काम तिथेच थांबते. हे सगळे शेतकऱ्यांना समजेल अशा स्थानिक उदाहरणांनी सांगावे.

हुकमावर आमच्या साहेबांची सही होती. साहेब पुण्याचे, मनाने फार चांगले. खेड्यांविषयी त्यांना कळकळ होती, फक्त तिथल्या धुळीने त्यांना शिंका येत. मला बोलावून ते म्हणाले, "हे काम लढाईपेक्षा मोठं आहे. तुझ्या पिढीनं जर हे लोकांच्या मनात रुजवलं ना, तर पुन्हा युद्ध होणार नाही." मी त्या दिवशी सायकलवरून परत येताना वाटेत दोनदा उतरलो. छाती इतकी भरून आली होती की पायडल मारता येईना.

आता स्थानिक उदाहरण कुठले घ्यावे? माझ्या हद्दीत ते तयारच होते. घोड नदीच्या अलीकडे पिंपळदरा आणि पलीकडे वेळूगाव. मध्ये पात्र, पात्रात वाळूचे एक बेट, आणि दोन्ही गावांची मिळून एक नाव. पिंपळदऱ्याच्या काठावर पिराचे ठाणे आहे आणि त्याचा उरूस दोन्ही गावे मिळून करतात. उरुसात पाच मान आहेत. एका घराण्याकडे संदलाचा, एकाकडे चादरीचा, एकाकडे काठीचा, एकाकडे नगाऱ्याचा, एकाकडे शेवटच्या कुस्तीच्या नारळाचा. काही मानकरी या काठाचे, काही त्या काठाचे. काही हिंदू, काही मुसलमान. रीत अशी, की पाचांतला एक जरी मानकरी रुसून घरी बसला तर उरूस जागचा हलत नाही. सगळे गाव त्याच्या दाराशी जाते, त्याला गूळ-पाणी देते, मग तो टोपी चढवून निघतो.

लिंबाखाली उभा राहून मी सांगितले, "जगाच्या सभेतले पाच देश म्हणजे आपल्या पिराचे पाच मानकरी समजा."

आजवर माझ्या कुठल्याही बातमीला एवढी शांतता लाभली नव्हती. पिंपळदऱ्याचे पाटील गणपतराव पुढेच बसले होते. ते हळूच म्हणाले, "म्हंजी रुसायचा मान! मास्तर, एवढं सोपं हुतं तर आधी का न्हाई सांगितलं? आमी समजत हुतो, सायबलोकांचं काहीतरी न्यारंच असतंय."

मी खूश झालो. माणसाला आपले बोलणे समजले की तो खूश होतोच. त्यांना नेमका कोणता भाग समजला, हे बघायला हवे होते.

आता त्या दोन गावांचे भांडण सांगतो. त्याच्या आदल्या उरुसात शेवटची कुस्ती पिंपळदऱ्याचा एक गडी आणि वेळूगावचा एक गडी यांच्यात लागली. सूर्य मावळेपर्यंत निकाल लागेना. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि नारळ फोडून दोघांना एकेक वाटी दिली. आता नारळ कधी अगदी मधोमध फुटत नाही. मोठी वाटी कुणाकडे गेली यावरून दगडफेक झाली. तेव्हापासून वेळूगावच्या माणसाने पिंपळदऱ्याच्या घाटावर पाय ठेवायचा नाही आणि पिंपळदऱ्याच्या माणसाने वेळूगावच्या. नाव कोणत्या काठाला बांधायची यावर एकमत होईना, म्हणून ती मधल्या बेटाला बांधली. नावाडी बिचारा तिथेच खोपटे घालून राहू लागला.

एवढ्याशा कारणावरून इतके मोठे वैर, असे मी एकदा गणपतरावांना म्हणालो. ते म्हणाले, "तुमची ती मागची, पयली मोठी लढाई कशावरनं झाली हुती?" मी सांगितले, की एका राजपुत्राला कुणीतरी गोळी घातली. गणपतराव विचारात पडले. म्हणाले, "बघा आता. नारळ तरी खायच्या कामाला येतो."

दोन्ही काठांवर जायची मोकळीक एकाच घराला होती. इमामभाई बांगडीवाले, पिंपळदऱ्याचे. डोक्यावर टोपली घेऊन ते आणि त्यांची बायको हसीनाबी पंचक्रोशी फिरत. बायकांचे हात मोकळे राहिले तर अशुभ, म्हणून त्यांना कुणी अडवत नसे. पण इमामभाईंची एकुलती एक लेक मेहताब वेळूगावला दिलेली होती. तिला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही तर सगळ्यांचीच रीत. हसीनाबीने बाळंतिणीसाठी डिंक आणि खारका भरून ठेवल्या होत्या. पण मेहताब आता वेळूगावची सून. तिचा पाय पिंपळदऱ्याच्या घाटाला लागला तर नियम मोडतो. बापाला मुभा होती, लेकीला नव्हती.

काष्टीच्या बाजारात इमामभाई माझ्याजवळ आले. टोपली खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या सभेत माझ्या लेकीचं काई बसवा की."

ती सभा फार लांब आहे, असे मी सांगितले. पण त्याच आठवड्यात चमत्कार झाला. दोन्ही गावांचे पाटील स्वतंत्रपणे मला भेटले आणि म्हणाले, आम्हीपण तसली सभा काढतो. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आले. कुठल्या जिल्ह्यात जगाच्या शांततेचे एवढे लवकर पीक आले असेल?

सभा बेटावर भरू लागली, कारण ते कुणाचेच नव्हते. पाच मानकऱ्यांना कायमच्या जागा, आणि मी चिटणीस. पहिली बैठक जाजमावर गेली. म्हणजे कुणाच्या जाजमावर बसायचे यावर. शेवटी दोन जाजमे आली, आणि ती एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये वाळूची एक पट्टी सोडली. त्या ओल्या पट्टीवर इमामभाई बसत. दुसरी बैठक चहावर गेली. दोन्ही गावांनी गुळाच्या चहाच्या किटल्या आणल्या होत्या. आधी दुसऱ्याचा चहा कोण पिणार? तोडगा निघाला की दोन्ही चहा आधी मास्तरांनी प्यायचे. सगळ्या जगाच्या वतीने मी ते प्यायलो. वेळूगावचा चहा खरोखर वाईट होता, पण चेहरा हलू दिला नाही. या धंद्यात ते यावेच लागते.

तिसऱ्या बैठकीत मेहताबचा विषय आला. वेळूगावचे पाटील सखारामबापू मोठ्या मनाचे गृहस्थ. ते म्हणाले, "पोरीनं म्हायेरी जावं, आमची ना न्हाई. पन आमी धाडली असं दिसाया नगं."

गणपतराव म्हणाले, "आमीबी घिऊ. पन आमी बोलावली असं दिसाया नगं."

मी म्हणालो, "मग दोघांचंही एकच मत आहे. ठराव करू या."

तेवढ्यात नगाऱ्याचे मानकरी खाकरले. "माझी न्हाई हाय," ते म्हणाले.

"का?" मी विचारले.

"का म्हंजी? मान हाय माझा. आजून येकदाबी वापरला न्हाई."

सगळ्यांना ते पटले. मान असून वापरला नाही तर तो गेल्यात जमा. सभा पुढच्या बाजारापर्यंत तहकूब झाली. पुढच्या खेपेला नगारेवाल्यांची समजूत घालून आणले, तर काठीवाले म्हणाले, त्यांचा मान आधी झाला, आमचा का नाही? असे करत पाचही मान पाळीपाळीने रुसले, आणि सगळ्यांना आपापल्या दारी गूळ-पाणी मिळाले. एवढ्या अवधीत मेहताबला सातवा लागला.

दर बैठकीच्या शेवटी इमामभाई वाळूच्या पट्टीवरून हात वर करत. "आन माझ्या लेकीचं कवा?"

"चाललंय, इमामभाई, चाललंय," दोन्ही जाजमांवरून उत्तर येई. या एका बाबतीत दोन्ही गावे एका सुरात बोलत.

मग चादरीच्या मानकऱ्यांनी एक तोडगा काढला. त्यांचा एक भाऊ फौजेत जाऊन आला होता, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होते. वेळूगावने मेहताबला नावेतून नदीच्या मध्यापर्यंत आणायचे. पिंपळदऱ्याने दुसरी नाव कुठून तरी मागून आणायची. भर पात्रात तिने या नावेतून त्या नावेत जायचे. म्हणजे धाडली कुणी नाही आणि बोलावली कुणी नाही.

मला तो तोडगा फार आवडला. वर्तमानपत्रांत वाचलेल्या तोडग्यांसारखाच होता तो. मी लिहूनही घेतला. इमामभाई उठून माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, पोटुशी पोर हाय ती. गुळाची ढेप न्हाई, या हातातनं त्या हातात द्यायला."

मी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

नेमके त्याच आठवड्यात साहेब स्वतः सभा बघायला आले. नावेत बसताना त्यांचा बूट भिजला, तरी ते खूश होते. दोन जाजमे पाहून म्हणाले, "वा! परस्परांचा आदर!" दोन किटल्या पाहून म्हणाले, "वा! देवाणघेवाण!" त्या दिवशी संदलाचे मानकरी पुन्हा रुसलेले होते, त्यामुळे कामकाज काहीच झाले नाही, पण आवाज चढवून कुणी बोलले नाही, हे त्यांनी विशेष नोंदवले. जाताना त्यांनी ओल्या पट्टीवरच्या इमामभाईंकडे बोट करून विचारले, "हे कोण?"

मी म्हणालो, "यांच्याच विषयावर सभा आहे."

"असं का," साहेब म्हणाले आणि त्यांना शिंक आली.

थोड्याच दिवसांत वरून कौतुकाचे पत्र आले. माझ्या सभेचा उल्लेख पुढे कुठे कुठे झाला, असे साहेबांनी सांगितले. त्यापाठोपाठ आणखी एक पत्र आले. जगात शांतता झालेली असल्यामुळे शांततेचा प्रचार करणारी कचेरी बंद करण्यात येत आहे. सायकल, भोंगा व नकाशा जमा करावा.

मी ते सगळे जमा केले. नकाशावर एका शेळीने दक्षिण अमेरिका खाल्ली होती, तेवढे मात्र लेखी द्यावे लागले. मग शेवटचा निरोप घ्यायला नदीवर गेलो. इमामभाई घाटावर होते. मेहताबला आता आठवा सरत आला होता. बैलगाडीने लांबून आणायचे म्हटले तर ती वाट गाडीचा आख मोडणारी, आणि शेवटी गावात शिरायला बंदी ती बंदीच. मी त्यांना काय सांगणार? म्हणालो, "सभेचं काम चालू ठेवा. बोलत राहिलं की मार्ग निघतो." हे मी पाठ केलेले वाक्य होते.

इमामभाई म्हणाले, "व्हय, मास्तर. तुमी नीट जावा. शिका लई." आणि टोपलीतून काढून त्यांनी माझ्या आईसाठी हिरव्या बांगड्या दिल्या.

कॉलेजात परत आल्यावर मला राज्यशास्त्राच्या तासाला जगाच्या त्याच सभेवर निबंध लिहायचा होता. मला चांगले गुण मिळाले. बेटाविषयी मी त्यात एक अक्षर लिहिले नाही. प्राध्यापकांनी समासात शेरा दिला असता, की संदर्भ द्या. पण लिहिता लिहिता मेहताबचे काय झाले असेल, हे मनात येई. बाळंतपणात काय काय होऊ शकते हे आमच्या घरात मी पाहिलेले आहे. विचारायला पत्र लिहावे तर उत्तर काय येईल याचे भय वाटे. शिवाय वर्तमानपत्रांत मोठी सभा तशीच चालली होती. कधी हा रुसे, कधी तो. मग आपल्याकडच्याही बातम्या वाईट येऊ लागल्या. शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला. इमामभाईंची आठवण आली की मी पान उलटत असे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत काष्टीच्या बाजाराला गेलो. लिंबाखाली शेळ्या होत्या, आणि शेळ्यांच्या पलीकडे टोपली उघडून इमामभाई बसले होते. दाढी जरा पांढरी झाली होती, एवढाच फरक. मला पाहून उठले.

"मास्तर! आवं, किती वाळला! कालिजात जेवायला घालत न्हाईत का?"

मी भीत भीत विचारले, "मेहताब?"

"बरी हाय की. पोरगा हाय तिला. गुलाम लई दांडगा, कुनाला ऐकत न्हाई."

मी खाली बसलो. मग त्यांनी जे सांगितले ते असे.

मी गेल्यावर चारच दिवसांनी हसीनाबी टोपली घेऊन वेळूगावला गेली. परत येताना बांगडीवाल्या दोन होत्या. टोपली मेहताबच्या डोक्यावर, पदर खाली ओढलेला. वेळूगावच्या घाटावर धुणे धूत बसलेल्या बायकांनी पाहिले. एकीने विचारले, "हसीनाबी, आज टोपली दुसरीच्या डोईवर?" हसीनाबी म्हणाली, "माझी कंबर धरलीया, बया." "मंग दमानं न्या," ती बाई म्हणाली, आणि तिने पाठ फिरवून पुन्हा धुणे आपटायला घेतले. बाकीच्यांनीही फिरवली. पिंपळदऱ्याच्या काठाला गणपतराव स्वतः बैल धूत होते. त्यांनी विचारले, ह्या दुसऱ्या कोण? धुणे धुणाऱ्या त्यांच्याच पत्नी म्हणाल्या, "बांगडीवाली. तुमाला काय बांगड्या भरायच्यात का?" पाटलांनी बैलाकडे तोंड केले.

मुलगा माहेरीच झाला. डिंक-खारका कारणी लागल्या.

"मग सभेला सांगितलं नाही?" मी विचारले.

इमामभाईंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी अजून बराच शिकायचा बाकी आहे. "सांगू कसं? कळलं आसतं तर नियम मोडला म्हनून पुन्ना धोंडं. आन सभा चालू हुती तवर कुनी धोंडा मारीत न्हवतं. मानसं जाजमावर गुतलेली. मधी त्या वंगाळ दिवसांत बाहेरनं कुनीकुनी यून कायबाय सांगून गेली. पन आमच्यातल्या कुनाला येळच न्हवता, मास्तर. नारळाचंच मिटलं न्हवतं. मी आपला दर बाजारी पट्टीवर बसायचो, हात वर करायचो, आन म्हनायचो, माझ्या लेकीचं कवा? घरी नातू मांडीवर, आन मी तिकडं इचारतोय!"

"मग?"

"मग काय, या उरुसाच्या आधी झाला की ठराव. पाची मान येका येळंला खूश. ठरलं, मेहताबला पयल्या बाळंतपनाला म्हायेरी वाजतगाजत पोचवायची. आता वाजतगाजत आनायची तर ती तिकडं पायजे. म्हनून आदल्या दिशी टोपली डोईवर दिऊन तिला गपचिप वेळूगावला न्हेली. पोरगं अंगावर पितंय, त्याला ठिवनार कुठं? संगंच न्हेलं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"नगारा, काठी, समदा गाव घाटावर. मेहताब नावंत बसली, पोरगं मांडीवर. सखारामबापू सोता निरोप द्याया वाकले, तर ह्या गुलामानं त्यांच्या फेट्याचा शेमलाच धरला. सोडंना. समदी बघाया लागली. नगारा थांबला."

"मग बापू काय म्हणाले?"

"काय म्हननार? त्याची येकेक बोट सोडवून बापूंनी शेमला काढून घेतला, मेहताबच्या डोईवर हात ठिवला, आन म्हनले, 'जा पोरी, सुखरूप बाळंत हो.'"